एका मिरीचा मोबदला

माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात लोणच्याची एक बरणी आहे. लोणचं केव्हाच संपलं. आता तिच्यात काळ्या मिरीचे दाणे आहेत, गळ्यापर्यंत. त्यातला एकही दाणा मी आजवर कशात घातलेला नाही. नवीन आलेलं कुणी विचारतं, मॅडम, हे काय, तर मी सांगते, हे मी पाजलेले चहा आहेत. मग पुढचं सगळं सांगावंच लागतं.

सलमाबादला आमचा डक्टचा कारखाना आहे. एसीची थंड हवा इमारतभर ज्या पत्र्याच्या चौकोनी नळकांड्यांतून फिरते, ती आम्ही बनवतो. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून बहरीनला आले आणि वर्षभर घरी बसून कंटाळल्यावर इथे इंजिनिअर म्हणून लागले. पहिल्या दिवशी पाहिलं तर शेजारच्या टेबलावर साठीचे एक गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, समोर कागदांचा ढीग. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ आंबलेली, त्यात मराठी माणूस भेटला म्हणून मी खूश होऊन विचारलं, "चाचा, चहा घेणार का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही ऑफर हाय, बाय, की चौकशी?"

"म्हणजे?"

"तू मला चहा देतेस, की मी चहा पितो की नाय ते विचारतेस?"

"देते," मी म्हटलं.

"कसला? कधी? साखर किती?"

मी सगळं सांगितलं, जरा वैतागूनच. तेव्हा ते "मंजूर" म्हणाले, खिशातून एक पितळेची डबी काढली आणि तिच्यातला मिरीचा एक दाणा माझ्यासमोर ठेवला. "हा मोबदला. आता करार झाला. आता चहा नाय आणलास तर तू अडचणीत."

मी चहा आणला. दाणा फेकून द्यावा की ठेवावा ते कळेना, म्हणून खणात टाकला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की शेजारी एक चक्रम बसतो.

चाचा आमचे काँट्रॅक्टवाले. वकील नव्हते. तरुणपणी बहरीनला आले ते एका इंग्रज कंपनीत टायपिस्ट म्हणून. वर्षानुवर्षं इंग्रजांचे करार टाइप केले आणि बाकीचे टायपिस्ट जे कधीच करत नाहीत ते केलं, म्हणजे टाइप केलेलं वाचलं. तिथला एक वकील मायदेशी परत जाताना कराराच्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक मागे टाकून गेला. ते चाचांनी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची पानं सुटून आली होती आणि ते रबरबँड लावून ठेवलेलं असायचं. बहरीनचा स्वतःचा कायदा वेगळा आहे. पण आमची मोठी कामं येत ती एका इंग्रज ठेकेदाराकडून, आणि त्यांच्या प्रत्येक करारात शेवटी एक ओळ असे की हा करार इंग्लंडच्या कायद्याने चालेल. त्या एका ओळीवर चाचांची नोकरी उभी होती.

"इंग्रजाचा कायदा वाण्यासारखा हाय," ते सांगत. "नुसत्या शब्दाला विचारत नाय. तू मला घर देतो म्हणालीस आणि मी नुसता हो म्हणालो, तर त्यात काय नाय. मीपण काय तरी द्यायला पायजे. किती दिलं ते मात्र कोर्ट बघत नाय. मिरीचा एक दाणा दिला तरी चालतो. असं पुस्तकातच लिहिलंय, मिरीचा दाणा."

पुस्तकात असं खरंच लिहिलेलं आहे, मी पाहिलं. पण पुस्तक वाचून खिशात मिरीची डबी घेऊन फिरणारा माणूस जगात दुसरा नसावा. दाणा आधी द्यायचा, मग चहा प्यायचा, हाही नियम होता. चहा पिऊन झाल्यावर दिलेला दाणा चालत नसे, कारण उरकलेल्या गोष्टीचा मोबदला कायदा मानत नाही. एकदा मी गडबडीत कप आधीच हातात दिला, तर एवढा मोठा माणूस डबी सापडेपर्यंत दोन्ही हातांत तो गरम कप झेलत उभा राहिला.

मी राहते झिंजला, तेही दोन गल्ल्या सोडून राहायचे, म्हणून सकाळी माझ्या गाडीतून येऊ लागले. रोज बसल्या बसल्या डॅशबोर्डवर एक दाणा. मी वळण जोरात घेतलं की दाणा घरंगळायचा आणि चाचा माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच करार मोडते आहे.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. आमच्या कोपऱ्यावरच्या मल्याळी फळवाल्याकडे केळ्यांवर भावाची पाटी असायची. चाचा केळी उचलून गल्ल्यापाशी जात आणि हिंदीत म्हणत, "मैं ये केले इस भाव में लेने की ऑफर देता हूँ." कारण दुकानातली पाटी ही ऑफर नसते, ती नुसती या, बघा, बोला अशी हाक असते. ऑफर गिऱ्हाईक देतं आणि दुकानदार स्वीकारतो. त्या फळवाल्याला हे पाठ झालं होतं. तो गंभीरपणे केळी वजन करून म्हणायचा, "ऑफर मंजूर, चाचा. यल्ला, चलो, पीछे लाइन है."

माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. शाळेचा परिणाम, सगळ्यांच्याच घरी हेच आहे. मी रागवून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. चाचा एकदा जेवायला आले (जेवणाचा मोबदला: एक दाणा, नवऱ्याच्या हातात) आणि जाताना आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवून गेले. सहीनिशी. या घरातलं जे कुणी सलग सात दिवस मराठीतच उत्तर देईल, त्याला खाली सही करणारा इसम स्वतः होडीतून मासे धरायला नेईल. मी म्हटलं, तिने हो तर म्हणायला हवं ना. चाचा म्हणाले, असल्या ऑफरला हो म्हणावं लागत नाय, करून दाखवलं की झालं. मुलगी काहीच बोलली नाही. मला वाटलं, विसरली. आठव्या दिवशी तिने चाचांना फोन लावला. "I did it. When is the boat?"

चाचांनी माझी साक्ष काढली. आठवून पाहिलं तर खरंच, आठवडाभर कार्टी मराठीत बोलत होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी बुदैयाच्या किनाऱ्यावरून होडी निघाली. मुलीने तीन मासे धरले. खाडीकाठी जन्मलेले चाचा जाता-येता दोन्ही वेळा ओकले, आणि उतरल्यावर पांढऱ्याफटक चेहऱ्याने आमच्या घरी येऊन त्यांनी फ्रिजवरच्या त्या कागदावर 'करार पूर्ण' असं लिहून दिलं.

समुद्र एक, आणि दुसरी उंची. दोन्हींची त्यांना भीती. इमारत कितीही मजल्यांची असो, साइटवर चाचा तळमजल्यावर खुर्ची टाकून बसत आणि वरून आम्ही फोटो पाठवत असू. ते स्वतः राहायलाही तळमजल्यावरच. स्टुलावर चढून बल्ब बदलायलासुद्धा माझ्या नवऱ्याला बोलावत.

मी लागले त्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. इंग्रज ठेकेदाराने एका हॉटेलच्या आणखी दोन मजल्यांचं काम देऊ केलं होतं, गुरुवार दुपारपर्यंत उत्तर द्या म्हणून. चाचा त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेलेले. मी आपल्या रीतीप्रमाणे नम्रपणे लिहून टाकलं, मान्य आहे, पण दोन आठवडे जास्त द्यावेत. उत्तर आलंच नाही. आमच्या कारखान्यात तर पत्रा कापायला सुरुवातही झालेली. महिनाभराने तिकडून पत्र आलं की काम उशिरा चाललंय, आणि आमच्या मालकाने मला विचारलं की हे दोन आठवडे तुला कुणी दिले. मला वाटलं, माझी नोकरी गेली.

चाचांनी माझा ईमेल वाचला. "बाय, हे काय लिहिलंस? मान्य, पण?"

"मग काय, सरळ हो म्हणायचं?"

"स्वीकार म्हणजे समोरच्याने जे दिलं तेच्या तेच घेणं. त्यात 'पण' घातलास की तो हो नाय. ती तुझी नवी ऑफर झाली. आणि त्याची जुनी ऑफर तिथंच मेली. ती परत उठत नाय."

मी रडकुंडीला आले. चाचांनी मात्र पेन उघडलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांनी आपले डक्ट उतरवून घेतले का?" घेतले होते. दोन ट्रक, सहीनिशी, आणि छतात बसवलेही होते. "मग झालं. टेबलावर शेवटची ऑफर कुणाची? तुझी. ती वाचून ते गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे स्वीकार नाय, हे आधी ध्यानात ठेव. पण माल घेऊन बसवला, तो स्वीकार झाला. तोंडाने नाय, वागण्याने. तुझ्या 'पण'सकट." तसं पत्र त्यांनी लिहिलं, आणि आठवडाभराने ठेकेदाराने दोन आठवडे निमूट मान्य केले. मालकाने मला शाबासकी दिली. ती कशाबद्दल, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

चाचांच्या डबीतली मिरी त्यांच्या घरची होती. गावी घरामागे पोफळी आणि पोफळींवर चढलेला मिरीचा वेल. तो लावला चाचींनी. दरवर्षी गावचं कुणी ना कुणी सुट्टीहून परतताना चाचींनी वाळवलेल्या मिरीची पुरचुंडी घेऊन यायचं. "निकाहाच्या दिवशीच मी फसलो," चाचा हसत सांगत. "आमच्यात निकाह म्हणजे ऑफर नि स्वीकारच. मी तीनदा कबूल म्हटलं. अटी न वाचता. आयुष्यात एकदाच."

लग्नानंतर वर्षभराने ते इकडे आले, दोन वर्षांत परत येतो असं चाचींना सांगून. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. वर्षाकाठी महिनाभर गावी जायचे तेवढंच. त्यांची मुलगी तिकडेच वाढली, तिकडेच तिचं लग्न झालं. एकदा गाडीत मी विचारलं, चाचींना दिलेला तो शब्द इंग्रजाच्या कायद्यात कुठे बसतो? त्यांनी लगेच एक जुना खटला सांगितला. परदेशी नोकरी करणाऱ्या एका नवऱ्याने बायकोला काही कबूल केलं, मग पाळलं नाही. बायको कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, घरच्या माणसांचं आपसातलं बोलणं म्हणजे करार नव्हे, कोर्टाने घरात शिरायचं नसतं. बायको हरली.

"मला नाही आवडला हा निकाल," मी म्हटलं.

"मलापण नाय," चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण सोयीचा हाय."

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला डबी तळाला लागली. त्याच दिवसांत एका सकाळी गाडीत बसताना चाचा खुशीत होते. आदल्या दिवशी चाचींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या होत्या, यंदा मिरी पाठवणार नाही. हवी तर येऊन तोडा, आणि मग इथेच राहा. वेलावरचा पहिला दाणा पिकून लाल होईपर्यंत वाट बघीन. त्यानंतर गडी लावून तोडून घेईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, येतो. पण हे नव्या हॉटेलचं काम संपू दे. ठरलं आमचं."

मी गाडी बाजूला घेतली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "चाचा, येतो, पण?"

"मग काय?" ते म्हणाले.

"हा स्वीकार नाही. ही तुमची नवी ऑफर. त्यांची ऑफर तिथेच मेली. त्या काय म्हणाल्या त्यावर?"

"काय नाय बोलली. फोन ठेवला."

"गप्प बसणं म्हणजे स्वीकार नाही. तुम्हीच शिकवलंत."

त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरत गेली तशी मला माझ्या हुशारीची लाज वाटली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या करारांतले 'पण' शोधणाऱ्या माणसाला स्वतःचा 'पण' दिसला नव्हता. सलमाबाद आलं. उतरताना ते डबी सीटवरच विसरले, मग परत येऊन उचलली.

"आता नवी ऑफर मला द्यायला लागेल," ते म्हणाले. "ती घ्यायची की नाय, तिची मर्जी."

मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "तोंडाने बोललो की 'पण' येतोच. लिहून देतो." दोन दिवसांनी त्यांनी मसुदा आणून माझ्यासमोर ठेवला. तीन पानं. पहिल्या पानावर 'घर' या शब्दाची व्याख्या. दुसऱ्यावर मुदती. तिसऱ्यावर कोणकोणत्या कारणाने उशीर झाल्यास तो उशीर धरू नये त्याची यादी, तिच्यात वादळ आणि दंगलही होती. मी लाल पेन घेतलं. व्याख्या काढली. मुदती काढल्या. वादळ काढलं. प्रत्येक रेघेला चाचा हलकेच "अगं" म्हणत, पण अडवत नव्हते. शेवटी जे उरलं ते त्यांनी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं. "मी येतोय. कायमचा. घेशील का?"

मनामाच्या पोस्टात आम्ही दोघं गेलो. पत्र पेटीत टाकून त्यांनी आत वाकून पाहिलं, अडकलं तर नाही ना. परतीच्या वाटेवर त्यांनी मला पोस्टाचा नियम सांगितला. ऑफर पोचली तरच ती ऑफर. स्वीकाराचं मात्र तसं नाही. तो पेटीत पडला त्या क्षणी करार पक्का, मग पत्र वाटेत हरवलं तरी.

"हरवलं तर तुम्हाला कळणार कसं?"

"हाच तर त्या नियमाचा घोळ हाय," चाचा म्हणाले, आणि पुढचे कित्येक आठवडे त्या घोळात बुडून राहिले. सकाळी, कदाचित करार होऊन बसला असेल आणि आपल्याला पत्ता नाही, असं म्हणून खुशीत येत. दुपारी म्हणत, पत्र पोचलंच नसेल. फोन करून विचारायला मात्र तयार नव्हते. डबी आता साफ रिकामी होती. त्यामुळे चहा बंद आणि माझी गाडीही बंद. साठी उलटलेला माणूस बस बदलत सलमाबादला यायचा. मी बरणी काढून पुढे केली, यातले घ्या.

"ते तुझे झाले. दिलेला मोबदला परत घेत नाय कुणी."

"मग मी तुम्हाला भेट देते."

"भेट घ्यायची सवय नाय मला, बाय." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली.

जानेवारीत ऑफिसच्या टपालात एक लिफाफा आला. एका कोपऱ्यात काहीतरी गुठळीसारखं लागत होतं. चाचांनी तो पट्टीने कापला. आतून मिरीचा एक दाणा पडला, आणि चौकटीच्या वहीचं अर्धं पान. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "अजून लाल झाला नाय. शिडी मी धरीन. चढायचं तुम्ही."

मला इतका आनंद झाला. चाचा मात्र कागदाकडे बघून पुटपुटले, "ह्यात नवी अट हाय. माझ्या ऑफरमध्ये शिडी नव्हती. म्हणजे हा स्वीकार नाय. ही तिची उलट ऑफर."

"चाचा," मी म्हटलं, "आता जर तुम्ही पण म्हणालात, तर मी तुमच्याशी कधीही बोलणार नाही."

स्टुलावर न चढणारा माणूस. पोफळ किती उंच असते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं साइटवर मोठ्या मीटिंगआधी लावत, आणि फोन उचलला. पलीकडून "कोन?" ऐकू आलं.

"कबूल," चाचा म्हणाले. मग जरा थांबून, "कबूल." आणि तिसऱ्यांदा, "कबूल."

मग माझ्या टेबलापर्यंत ऐकू येईल इतक्या खणखणीत आवाजात चाची म्हणाल्या, "आयकला मी. यकदा म्हटला असतात तरी चालला असता."

त्याच दुपारी त्यांनी राजीनामा लिहिला. दीड ओळीचा. हॉटेलचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि ते रबरबँडवालं पुस्तकही. व्हिसा रद्द करण्याचे सोपस्कार पंधरा दिवसांत उरकले.

शेवटच्या दिवशी दुपारी मी विचारलं, "चाचा, चहा घेणार का?" आणि सवयीने पुढचं सांगायला तोंड उघडलं, इथला तो घट्ट दुधाचा करक चहा, आत्ता, दोन चमचे साखर.

"आण," ते म्हणाले.

मी चहा आणला. लिफाफ्यातून आलेला तो एकुलता दाणा त्यांच्या डबीत होता, मला माहीत होतं. तो मला मिळणार, बरणीतला शेवटचा, असं धरून मी तळहात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, कप उचलला आणि प्यायला लागले. घोट घोट करत, डबीला हात न लावता, सगळा संपवला.

"चाचा, मोबदला?"

"ह्याला मोबदला लागत नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "घरच्या माणसांत करार नसतो, बाय. तुला सांगितलावता ना तो निकाल."

त्या निकालावर माझा राग होता. तो त्या दुपारी गेला. मी रिकामा हात मिटून घेतला आणि कप विसळायला नेते असं सांगून उठले, कारण मला रडू येत होतं.